ऑपरेशनआधी मुलाला देतात ते गुंगीचं औषध

गटांच्या बैठकीतून आपल्या केंद्राकडे चिठ्ठ्या येतात, त्यातली एक चिठ्ठी मी आज समोर घेऊन बसले आहे. लिहिणारीनं नाव घातलेलं नाही, तेही बरोबरच आहे. ती लिहिते, ‘माझ्या चार वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं आहे. भूल द्यायच्या आधी अजून एक गुंगीचं औषध पाजणार म्हणाले. एवढुशा जिवाला दोन-दोन औषधं कशाला? डोक्यावर परिणाम झाला म्हणजे? सासूबाई म्हणतात, पोरगं बावळट होईल, नकोच ते ऑपरेशन.’

मी सत्तावीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून काढली. पोरं आईच्या कडेवरून आत घ्यायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडंच असायचं. त्यामुळं या चिठ्ठीचं उत्तर मी जरा सविस्तर देते.

पहिल्यांदा भूल आणि गुंगी यातला फरक समजून घेऊ. भूल म्हणजे ऑपरेशन चालू असताना मुलाला काही कळू नये, दुखू नये म्हणून देतात ती. ती भूलतज्ज्ञ डॉक्टर देतात आणि ऑपरेशन संपेपर्यंत मुलाच्या उशाशी उभे असतात. गुंगीचं औषध त्याच्या आधी, थिएटरच्या बाहेर, बऱ्याचदा आईच्या मांडीवरच देतात. त्यानं मूल बेशुद्ध होत नाही. त्याची भीती उतरते. डोळे जड होतात, मान थोडी डुलते, काही पोरं खुदुखुदू हसतात, काही असंबद्ध बडबड करतात. एका पोरीनं मला ‘तुला दोन नाकं आहेत’ म्हणून सांगितलं होतं. आई घाबरून गेली, पण पोरगी मजेत होती आणि माझा हात धरून आत आली.

यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे मिडाझोलम. ते तोंडानं पाजतात किंवा सुई नसलेल्या पिचकारीनं नाकात सोडतात. चवीला कडूजहर असतं, म्हणून गोड पाकात मिसळून देतात. नाकात सोडलं की क्षणभर झोंबतं. पाजल्यावर वीस ते तीस मिनिटांत त्याचा असर दिसायला लागतो. या औषधाचा आणखी एक गुण आहे. ते दिल्यानंतर जे घडतं, ते मुलाला पुढं नीट आठवत नाही. तोंडावरचा मास्क, ते मोठे दिवे, हिरव्या कपड्यातली अनोळखी माणसं, यातलं फारसं काही मनात घर करून राहत नाही.

अलीकडं मोठ्या रुग्णालयांत डेक्समेडेटोमिडीन नावाचं औषधही नाकातून देतात. ते झोंबत नाही, आणि मूल रोजच्या झोपेसारखं झोपतं. मात्र त्याला असर करायला वेळ जास्त लागतो, अर्धा-पाऊण तास धरा, आणि नाडी थोडी मंदावते. कुठलं औषध कुणाला, हे भूलतज्ज्ञ ठरवतात. नावं मी एवढ्यासाठीच सांगितली की कागदावर दिसली तर तुम्हाला परकी वाटू नयेत.

आता ‘कशाला?’ याचं उत्तर. सहा-सात महिन्यांच्या आतलं बाळ कुणाच्याही हातात जातं. त्याला अशा औषधाची सहसा गरज पडत नाही. पण त्यानंतर बाळाला आईचा चेहरा आणि परका चेहरा यातला फरक कळायला लागतो. एक ते पाच-सहा वर्षांच्या पोराचं तर विचारूच नका. पोटात अन्न नाही, दवाखान्याचा वास, आणि कुणीतरी येऊन आईच्या कुशीतून ओढून नेतंय. ते हातपाय झाडतं, किंचाळतं, श्वास कोंडेपर्यंत रडतं. रडून रडून घशात लाळ साचते. अशा पोराला चौघांनी दाबून धरायचं आणि तोंडावर मास्क ठेवायचा, हे पूर्वी सर्रास चालायचं. मी ते पुष्कळ पाहिलं आहे आणि मला ते कधीच पटलं नाही. भूल त्यानंही चढते, प्रश्न नंतरचा असतो. खूप घाबरलेलं मूल शुद्धीवर येतानाही जास्त गोंधळ घालतं, आणि घरी गेल्यावर कित्येक दिवस रात्री दचकून उठतं, अंथरूण ओलं करतं, आईचा पदर सोडत नाही. टाके सुकतात आठवड्यात, ही भीती सुकायला जास्त वेळ घेते.

‘डोक्यावर परिणाम’ होईल का, या भीतीबद्दलही बोलते, कारण ती सासूबाईंची एकटीची भीती नाही. शिकलेली माणसंही हेच विचारतात, आणि डॉक्टरांनीही हा प्रश्न हसण्यावारी नेलेला नाही. सात देशांतल्या २८ रुग्णालयांनी मिळून तान्ह्या बाळांवर एक मोठा अभ्यास केला. बाळं ७२२ होती आणि ऑपरेशन हर्नियाचंच होतं. निम्म्या बाळांना पूर्ण भूल दिली, निम्म्यांना नुसती कमरेखाली बधिर करून जागेपणी ऑपरेशन केलं. मग ती पोरं पाच वर्षांची होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. दोन्हीकडच्या पोरांत फरक निघाला नाही. हे २०१९ साली छापून आलं. ही भूल साधारण तासाभराची होती, हे लक्षात घ्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तीन तासांपेक्षा जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागत असेल, तर तिथं डॉक्टर जास्त विचार करतात आणि तुम्हीही विचारावं. पण हर्नियासारख्या एका छोट्या ऑपरेशनच्या भुलेनं पोर बावळट होतं, याला आधार नाही. आणि आधी दिलेलं गुंगीचं औषध काही तासांत अंगातून निघून जातं.

उलट हर्निया तसाच ठेवला आणि आतडं त्यात अडकलं, तर रात्री-अपरात्री, पोट फुगलेल्या, उलट्या करणाऱ्या पोराचं घाईचं ऑपरेशन करावं लागतं. सासूबाईंना हे जरूर सांगा. त्यांची माया खरी आहे, तिला माहितीची जोड हवी.

आता ज्यासाठी मी मुद्दाम हा विषय घेतला, ते सांगते. हे औषध दवाखान्यातच द्यायचं असतं. घरी नाही, एसटीत नाही, रिक्षात नाही. काही ठिकाणी सोनोग्राफीला, डोक्याच्या तपासणीला किंवा दातांच्या कामाला येताना सांगतात, ‘हे झोपेचं सिरप घ्या, निघताना पाजा, इथं येईपर्यंत झोपेल.’ बायांनो, हे ऐकू नका. आपल्याकडं पोराला आणायचं कसं? मोटारसायकलवर, दोघांच्या मधे बसवून. गुंगीतल्या मुलाची मान पुढं पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट बंद होते. पोर शांत झोपलंय असं वाटतं, आणि ते शांत कशामुळं आहे हे गाडी थांबेपर्यंत कळत नाही. म्हणून सरळ म्हणा, ‘औषध तुमच्यासमोर द्या, मी लवकर येऊन बसते.’ लांबून यायचं म्हणून चिडचिड झाली तरी चालेल.

दवाखान्यात औषध दिल्यावरही मुलाच्या बोटाला नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारा चिमटा हवा, जवळ ऑक्सिजन हवा, आणि पाहणारं शिकलेलं माणूस हवं. औषध पाजून पोराला बाकावर आईजवळ सोडून सगळे दुसरीकडं गेले, असं झालं तर उठा आणि हाक मारा. तुम्ही त्रास देताय असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. आणि औषध पोटात गेल्यावर मुलाला चालायला सोडायचं नाही. ते झोकांड्या खातं आणि तोंडावर आपटतं. मांडीवर नाहीतर कठडा लावलेल्या खाटेवरच ठेवायचं.

झोपेच्या औषधाचा आणि आपला इतिहास जुना आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका शंभर वर्षांपूर्वी तान्ह्या बाळांना बाळगोळी देऊन जायच्या. त्या गोळीत अफू असायची. पाळी संपेपर्यंत बाळ झोपून राहायचं, आणि काही बाळं उठायचीच नाहीत. त्या बायकांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही, त्यांना पाळणाघर कुणी दिलं होतं? पण झोपवणं आणि श्वास मंदावणं या दोन गोष्टी एकमेकींच्या किती जवळ असतात, हे त्यातून कळतं. आज आपण गुटीत जायफळ उगाळतो. ऑपरेशनच्या दिवशी जायफळ नाही, गुटी नाही, सर्दीचं झोप आणणारं सिरप नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला तर फेनरगनसारखं औषध एरवीही मनानं द्यायचं नाही, त्यानं श्वास थांबण्याचा धोका असतो. आदल्या दिवशी यातलं काही दिलं असेल, तर ते भूलतज्ज्ञांना सांगून टाका. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. काही जंतुनाशक गोळ्यांमुळं गुंगीचं औषध अंगात जास्त वेळ टिकतं. फिटची गोळी चालू असेल तर ती त्या दिवशी द्यायची का, हे आदल्या दिवशीच विचारा, मनानं बंद करू नका.

आणखी काय सांगायचं? मूल रात्री घोरतं का, झोपेत श्वास अडकून दचकतं का. हे टॉन्सिलच्या पोरांत पुष्कळ दिसतं. घोरणं म्हणजे गाढ झोप असं आपण समजतो, पण अशा मुलाला गुंगी फार जपून द्यावी लागते, कधी देतही नाहीत. सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका. ‘तारीख पुढं जाईल, मजुरी बुडेल, पुन्हा गाडीभाडं’ हे सगळं मला ठाऊक आहे. पण कफ भरलेल्या छातीवर भूल देणं धोक्याचं असतं, म्हणूनच तारीख पुढं ढकलतात. हलणारा दात असेल तर तोही सांगा.

उपाशी ठेवण्याचं तर मी थिएटरच्या दारात किती वेळा सांगितलं असेल! भुलेत पोटातलं अन्न वर आलं आणि श्वासनलिकेत गेलं, तर जिवावर बेततं. नियम साधारण असा आहे. जेवण, बिस्कीट, वरचं दूध, दुधाचा चहा हे सहा तास आधी बंद. वडे-पुऱ्या, मटण असं जड खाल्लं असेल तर आठ तास. अंगावरचं दूध चार तास आधीपर्यंत चालतं. साधं पाणी, साखरपाणी दोन तास आधीपर्यंत देता येतं. काही रुग्णालयं पाणी आणखी उशिरापर्यंत देऊ देतात, तुमच्याकडं जे सांगतील ते पाळा. पण इथं दोन्हीकडून घोटाळा होतो. एकीकडं आजी पदराआडून ग्लुकोजचं बिस्कीट देते, ‘एकानं काय होतंय!’ दुसरीकडं रात्री आठला जेवलेलं पोर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पाण्याचा थेंब नसलेलं मी पाहिलं आहे. भुकेनं, तहानेनं कावलेलं पोर कुठल्या औषधानं शांत होणार? म्हणून विचारा, ‘आमचा नंबर कितवा? पाणी किती वाजेपर्यंत पाजू?’ हे विचारणं तुमचा हक्क आहे. आणि चुकून बिस्कीट गेलंच पोटात, तर सांगून टाका. रागावतील, पण पोर सुखरूप राहील.

वजन नीट करून घ्या. औषधाचं माप वजनावर ठरतं, वयावर नाही. बूट, स्वेटर काढून काट्यावर उभं करा. अंगणवाडीच्या वहीतलं तीन महिन्यांपूर्वीचं वजन चालत नाही. त्या दिवशी छातीला तेल लावू नका, तारा चिकटवायच्या पट्ट्या त्यावर टिकत नाहीत. बोटांवरची नखपॉलिश आणि मेंदी नको, चिमट्याला आकडा नीट वाचता येत नाही. काळा दोरा, ताईत, वाळे काढायला सांगितले तर वाईट वाटून घेऊ नका. आमच्या थिएटरात मी ताईत आईच्या मुठीत द्यायचे आणि म्हणायचे, तो तुमच्याजवळ राहू द्या.

बरं, प्रत्येक मुलाला गुंगीचं औषध लागतंच का? नाही. आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मोबाईलवर आवडीचं कार्टून लावून, खेळ देऊन आत नेलेली पोरं औषध दिलेल्या पोरांइतकीच शांत राहतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. आमच्याकडं मोबाईल नव्हते तेव्हा मी हातमोज्याचा फुगा करून त्यावर डोळे-नाक काढायचे, तेवढ्यावर निम्मी पोरं यायची. औषधानं काही पोरं शांत व्हायच्या ऐवजी उलट चिडतात, आरडाओरडा करतात, असंही क्वचित होतं. म्हणून मूल कसं आहे ते तुम्ही सांगा. लाजरं आहे, आधी दवाखान्यात दाखल झालेलं आहे, सुईचा धसका घेतलेलं आहे, तर औषध बरं. हातात सुई टोचायची असेल तर कातडी बधिर करणारं मलमही मिळतं, ते सुमारे तासभर आधी लावावं लागतं. तुमच्याकडं आहे का, ते विचारा.

घरी काय करायचं? मुलाशी खोटं बोलायचं नाही. ‘फोटो काढायला चाललोय’, ‘मामाकडं चाललोय’ म्हणून आणलेलं पोर थिएटरच्या दारात जे रडतं, त्याला तोड नाही. आणि रोजच्या बोलण्यातलं ते एक वाक्य, ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाकांना सुई द्यायला लावीन’, ते आजपासून बंद करा. तीन-चार वर्षांच्या पोराला खरंच वाटतं की मी काहीतरी वाईट केलं म्हणून मला ही शिक्षा. त्याला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरे: ‘तुझ्या पोटाखाली जो फुगा येतो, तो डॉक्टर बरा करणार. तू झोपशील, तुला कळणार नाही. उठलास की मी तिथंच असेन.’ सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला आठवडाभर आधी सांगा, त्याला प्रश्न विचारायला वेळ लागतो. ‘दुखणारच नाही’ असं म्हणू नका. ‘नंतर थोडं दुखेल, पण त्याला औषध आहे’ असं म्हणा. घरात वाटी नाका-तोंडावर धरून फुगा फुगवायचा खेळ खेळा. मास्क आला की पोर ओळखतं.

काही रुग्णालयांत मूल झोपेपर्यंत आईला आत येऊ देतात. विचारून बघा. पण आत जाणारं माणूस रडणारं नको. आईचा हात थरथरत असेल, तर आजीनं जावं, बापानं जावं, मावशीनं जावं. कुणाला वाटतं आईच पाहिजे. मला वाटतं, ज्याच्या खांद्यावर पोर शांत राहतं ते माणूस पाहिजे. मूल झोपताना डोळे फिरवतं, एखादा झटका देतं, मान टाकतं. हे भुलेचंच आहे, हे आधीच माहीत असू द्या. झोपलं की लगेच बाहेर या.

आणि शुद्धीवर येताना? दोन ते पाच वर्षांची काही पोरं उठतात ती वेड्यासारखी रडतच. डोळे उघडे, पण आईला ओळखत नाहीत, लाथा झाडतात, सलाईन ओढतात. बायका मला म्हणायच्या, ‘सिस्टर, ह्याला बाहेरचं काहीतरी लागलं.’ लागलेलं काही नसतं. भूल उतरतानाचा तो गोंधळ असतो आणि साधारण पाव ते अर्ध्या तासात ओसरतो. पडू देऊ नका, घट्ट दाबूही नका, हळू आवाजात नाव घेत राहा. दुखत असेल तर सिस्टरांना सांगा.

घरी सोडल्यावर तो दिवस आणि ती रात्र मुलाला एकटं सोडू नका. जिना, विहीर, सायकल, चूल यांपासून लांब ठेवा. पाणी पचलं की पातळ पेज, मग हळूहळू जेवण. जाताना मोटारसायकल नको, चारचाकीची सोय करा, आणि पोराची मान सरळ ठेवायला एक माणूस शेजारी बसवा.

पैशाचंही सांगते. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला येतं. फाटलेला ओठ, हृदयाचं छिद्र, वाकडे पाय असं काही निघालं तर पुढच्या उपचाराची सोय त्यातून मोफत होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही मुलांची पुष्कळ ऑपरेशनं बसतात. आशाताईंना विचारा, कागद आधी गोळा करा.

चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंना एवढं सांगते. संमतीच्या कागदावर सही करायच्या आधी भूलतज्ज्ञांना भेटायचंय असं सांगा, आणि विचारा: कुठलं औषध देणार, कुठं बसवून देणार, दिल्यावर माझ्या मुलाजवळ कोण असणार? घरी आल्यावर मूल हलवूनही नीट जागं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. उलट्या थांबत नसतील तर रुग्णालयाला लगेच कळवा. रुग्णालयाचा रात्रीचा नंबर निघतानाच कागदावर लिहून घ्या. आणि ऑपरेशन झालं की आम्हाला दुसरी चिठ्ठी पाठवा, नाव नाही घातलं तरी चालेल.